इंग्लंडमधलं जुनं चर्च कसं बघावं: एका हिशेबनिसाचा सल्ला

लेकाकडे नाहीतर लेकीकडे इंग्लंडला येणाऱ्या आईबाबांचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. लंडन दोन दिवसांत उरकतं, समुद्रकिनारा एका दिवसात. मग एखाद्या रविवारी मुलं गाडी काढतात आणि कुठल्यातरी खेड्यात नेतात. खेड्यात पब असतो, बदकांचं तळं असतं आणि चर्च असतं. चर्चमध्ये आपण शिरतो, "छान आहे, गार आहे" म्हणतो, रंगीत काचेचा एक फोटो काढतो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो. या पाच मिनिटांचा दीड तास कसा करायचा, ते सांगते.

मी इप्सविचला राहते, पेशाने हिशेबनीस. धर्माने ख्रिस्ती नाही आणि कलेचा इतिहास कुठे शिकलेले नाही. कामामुळे एक खोड मात्र लागली आहे. जुन्या वास्तूत पाऊल टाकलं की दोन प्रश्न मनात येतात: याचे पैसे कोणी दिले, आणि इथून काय वजा झालं? पाहुण्यांना घेऊन सफोक या पूर्वेकडच्या जिल्ह्यातली खेडी फिरताना लक्षात आलं की या दोन प्रश्नांना गावातलं चर्च जेवढी सरळ उत्तरं देतं तेवढी राजवाडेसुद्धा देत नाहीत. कारण राजवाडा एका घराण्याचा असतो. चर्च गावाने बांधलं, गावाने रंगवलं, सरकारच्या हुकुमावरून गावानेच फोडलं आणि पुन्हा वर्गणी काढून गावानेच सावरलं. चर्च ऑफ इंग्लंडकडे अशा सुमारे सोळा हजार इमारती आहेत. त्यांतली कुठलीही चालेल, पण मी उदाहरणं घेणार आहे पूर्व सफोकमधली, मुख्यतः ब्लाइदबरा गावातलं होली ट्रिनिटी. ए-१२ रस्त्यावरून जाताना दलदलीच्या कडेला एवढ्याशा वस्तीत हे जहाजाएवढं धूड दिसतं आणि गाडीतला प्रत्येक जण विचारतो, इतक्या छोट्या गावाला एवढं मोठं चर्च कशाला?

निघण्याआधी

दुर्बीण घ्या. पक्षी बघायची साधी दुर्बीण पुरते. सगळ्यात चांगलं काम छतात असतं, आणि मान वर करून नुसत्या डोळ्यांना तपकिरी अंधार दिसतो. टॉर्चही हवा, मोबाईलचा नको, हातात धरायचा. तो भिंतीवर समोरून मारायचा नाही. भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा, म्हणजे नखाने ओढल्यासारख्या बारीक रेघांच्याही सावल्या पडतात. जूनमध्येसुद्धा स्वेटर लागतो. शौचालय असेलच असं नाही, त्यामुळे आधी पब, मग चर्च.

आमच्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: चपला काढायच्या का? नाही. पुरुषांनी टोपी काढायची, एवढंच. प्रवेश फुकट असतो आणि फोटोला सहसा कोणी हरकत घेत नाही. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहिलात तरी कोणाला खटकत नाही. दाराला आणखी एक जाळीचं दार असेल आणि त्यावर "दार लावून घ्या" अशी पाटी असेल तर ती गंभीरपणे घ्या. आत अडकलेल्या पाकोळ्या तहानेने मरतात.

आधी बाहेरून एक फेरी

सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड नाही. आहे ती चकमकीची गारगोटी, शेतात नांगराला लागणारी. चौकोनी कापता येईल असा चुनखडीचा दगड बाहेरून बोटीने आणावा लागे आणि वाहतुकीचा खर्च जबर असे. म्हणून भिंत गारगोटीची, आणि फक्त कोपरे, दारं, खिडक्या आणलेल्या दगडाच्या. शेजारच्या नॉरफोकमध्ये शंभराहून जास्त चर्चचे मनोरे गोल आहेत. गोलाला कोपरेच नसतात, म्हणून दगड वाचला, असं त्याचं एक कारण सांगतात. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. मला पटतं, पण मी पैसे मोजणारी बाई, मला ते पटणारच.

जिथे पैसा होता तिथे गारगोटी फोडून तिचा काळा चकचकीत चेहरा बाहेर ठेवत आणि पांढऱ्या दगडात नक्षीसारखी बसवत. ब्लाइदबराला पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली अशीच एक ओळ आहे. मुकुट घातलेली सुटी सुटी अक्षरं, एकमेकांपासून अंतर राखून. एका लॅटिन अर्पणवाक्याची ही आद्याक्षरं असावीत असं मानतात. ही बाजू रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून मुद्दाम मागे जा.

खिडक्यांवरून काळ ओळखायची युक्ती इथेच शिकून घ्या. वर अर्धगोल कमान आणि जाड भिंत म्हणजे नॉर्मन, साधारण ११०० च्या आसपासचं. उंच, अरुंद, टोकदार खिडकी एकेकटी उभी असेल तर तेरावं शतक. वरच्या दगडी जाळीत लाटा, पानं, ज्वाळा दिसल्या तर चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध. मग १३४८-४९ ची प्लेगची साथ आली, आणि त्यानंतरच्या काळात सरळ उभ्या पट्ट्यांच्या, भिंतीच्या भिंती व्यापणाऱ्या खिडक्यांची शैली देशभर झाली. ती १५३० पर्यंत टिकली. ब्लाइदबरा याच शेवटच्या प्रकारातलं, पंधराव्या शतकातलं. मात्र खिडकीच्या काळावरून भिंतीचा काळ ठरवू नका. हातात पैसा आला की जुन्या भिंतीला नवी खिडकी बसवणं हा गावोगावचा उद्योग होता.

पैसा आला कुठून? पश्चिम सफोकात, लॅव्हनम आणि लाँग मेलफर्डकडे, लोकरीच्या कापडातून. ब्लाइदबरा हे नदीवरचं बंदर होतं. पुढे ब्लाइद नदी गाळाने भरली, जहाजं येईनाशी झाली आणि गाव आटलं. चर्च तेवढंच राहिलं. वाटेत पडलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

दाराआधीच्या पडवीत, म्हणजे पोर्चमध्ये, घाईने आत जाऊ नका. लग्नाचा पहिला भाग इथे दारात होई, व्यवहाराचे शब्द इथे दिले जात. ब्लाइदबराच्या पोर्चवर एक खोलीही आहे. दाराच्या उजव्या हाताला भिंतीत पवित्र पाण्याचा फुटका कोनाडा बऱ्याच ठिकाणी सापडतो. तो फुटका का आहे, हे आत गेल्यावर कळेल.

आत: उभं कुठे राहायचं

वेदीकडे जाऊ नका. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण तिकडेच जातो, आणि वेदीचं सामान बहुतेक वेळा सगळ्यात नवं असतं. पश्चिमेच्या टोकाला, मनोऱ्याखाली पाठ टेकवून उभे राहा. समोरचा लांब भाग, जिथे बाक आहेत, तो नेव्ह. त्याची देखभाल गावाकडे. पूर्वेचा शेवटचा भाग चॅन्सल. तो चर्चच्या उत्पन्नाचा मोठा वाटा घेणाऱ्याच्या, म्हणजे पाद्रीच्या किंवा एखाद्या मठाच्या अखत्यारीत. खर्चाची ही वाटणी मध्ययुगापासूनची, आणि तिच्यामुळेच अनेक चर्चमध्ये नेव्ह टोलेजंग आणि चॅन्सल कंजूष दिसतं. ब्लाइदबराला मात्र दोघांवर एकच सलग छत आहे, मधे कमान नाही.

आता दुर्बीण वर. छताच्या मधल्या तुळईवर ठरावीक अंतराने लाकडी देवदूत आहेत, पाठीला पाठ लावून जोडीजोडीने, पंख पसरलेले. मागे पांढुरक्या लाकडावर लाल-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची अक्षरं. रंग पंधराव्या शतकातला आहे, विरलेला, कोणी नव्याने ओढलेला नाही. एका देवदूतावर दुर्बीण स्थिर करा आणि पंखाच्या कडा बघा. पिसं एकेक कोरलेली आहेत. खालून हे कोणाला दिसणार नव्हतं, तरी सुताराने केलं आहे आणि कोणीतरी त्याचे पैसे मोजले आहेत.

या देवदूतांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले. गावात पिढ्यान्‌पिढ्या गोष्ट सांगत, की हे विल्यम डाउझिंगचं काम. डाउझिंग कोण ते सांगायला हवं. १६४३ मध्ये, राजा आणि संसद यांच्या युद्धाच्या काळात, संसदेने चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं नष्ट करायचा आदेश काढला. सफोकमधल्या डाउझिंगला त्या कामावर नेमलं. केंब्रिजशर आणि सफोकमधली अडीचशेच्या वर ठिकाणं त्याने पालथी घातली आणि रोजनिशी लिहिली. कुठे किती चित्रं फोडली, किती देवदूत उतरवायला सांगितले, फी किती घेतली, सगळं. फी साधारण सहा शिलिंग आठ पेन्स, तीही त्याच गावाकडून. म्हणजे स्वतःचं चर्च फोडून घ्यायचं बिल गावाने भरायचं. ब्लाइदबराला तो एप्रिल १६४४ मध्ये आला आणि देवदूत उतरवायचा हुकूम देऊन गेला. पण एवढ्या उंच शिड्या लावणार कोण? देवदूत राहिले. मग छर्रे कोणाचे? हिशेबवहीत उत्तर आहे. अठराव्या शतकात चर्चवॉर्डनांनी, म्हणजे गावाने निवडलेल्या कारभाऱ्यांनी, छतात घरटी करणारे जॅकडॉ पक्षी मारायला बारूद आणि छर्रे घेतले, त्याची नोंद आहे. छर्रेही त्याच काळातले निघाले. डाउझिंगच्या नावावर टाकलेली ही रक्कम चुकीच्या खात्यात होती. त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा करायला बाकी पुष्कळ आहे.

वजाबाकी ओळखायची कशी

हा या सगळ्यातला मुख्य धडा. तोडफोड दोन वेळा झाली. पहिली सोळाव्या शतकात, राजा आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतल्यावर आणि विशेषतः त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या राज्यात, म्हणजे १५४७ पासून पुढे. दुसरी डाउझिंगच्या काळातली. दोन्हींच्या खुणा वेगवेगळ्या ठिकाणी शोधायच्या.

नेव्ह आणि चॅन्सल यांच्या सीमेजवळची भिंत बघा. तिथे जमिनीपासून वर एक लहानसं दार दिसेल, कधी डोक्याच्याही वर, हवेत उघडणारं. आत वळणदार अरुंद जिना. तो जातो कुठे? आता कुठेच नाही. पूर्वी इथे लाकडी जाळीचा आडपडदा होता, त्यावर माळा आणि माळ्यावर क्रूसावरचा ख्रिस्त, एका बाजूला त्याची आई मरिया, दुसऱ्या बाजूला शिष्य योहान. माळ्यावर मेणबत्त्या लावायला या जिन्याने जात. एडवर्डच्या काळात मूर्ती उतरवल्या. १५५३ मध्ये मेरी गादीवर आली, ती कॅथलिक, तिने त्या परत उभारायला लावल्या. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली, पुन्हा उतरवा. ज्या गावांचे हिशेब टिकले आहेत त्यांत हे ओळीने दिसतं: काढायची मजुरी, चढवायची मजुरी, काढायची मजुरी. वही तीच, आणि कधीकधी सुतारही तोच. गावातल्या लोकांना मनातून काय वाटत होतं हे वहीत नाही, पण पैसे तिन्ही वेळा वेळेवर दिलेले असतात.

पडद्याचा खालचा भाग बऱ्याच ठिकाणी राहिला, कारण तो नुसती पडदी म्हणून चालून गेला. साउथवोल्डच्या सेंट एडमंड चर्चमध्ये जा. पडद्यावर रांगेने संत रंगवलेले आहेत, सोनं अजून चमकतं, वस्त्रांच्या चुण्या शाबूत. फक्त चेहरे खरवडलेले. हात-पाय नाही, चेहरेच. गुडघ्यावर बसून आडवा टॉर्च मारला तर हत्याराच्या रेघांची दिशासुद्धा दिसते.

मग खाली जमीन बघा. फरशीत माणसाच्या आकाराची खाच असेल आणि तिच्यात लहान लहान भोकं, तर तिथे पितळी पत्र्याची आकृती होती. पितळ विकलं गेलं किंवा चोरीला गेलं. आकृती शिल्लक असेल आणि तिच्याखालची पट्टीच तेवढी गायब असेल, तर त्या पट्टीवर बहुधा "याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा" असं लॅटिनमध्ये होतं. मला या वाक्यात नेहमी करार दिसतो. मेल्यावर आत्मा शुद्धिस्थानात अडकतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने लवकर सुटतो, ही तेव्हाची श्रद्धा. म्हणून व्यापारी मृत्युपत्रात छतासाठी, खिडकीसाठी, घंटेसाठी पैसे ठेवी आणि बदल्यात नाव कोरून घेई. नव्या धर्ममताने शुद्धिस्थानच रद्द केलं. करार एकतर्फी मोडला, रक्कम मात्र परत नाही. ब्लाइदबराला जॉन हॉप्टन या जमीनदाराचं थडगं आहे, तो १४७८ मध्ये वारला. त्याच्या मालमत्तेचे हिशेब आजही अभ्यासकांना वाचायला मिळतात.

बाप्तिस्म्याचं दगडी पात्र सहसा पश्चिम दाराजवळ असतं. पूर्व इंग्लंडमध्ये ते आठ बाजूंचं असेल तर सात बाजूंवर सात संस्कार कोरलेले असू शकतात: बाप्तिस्मा, लग्न, मरणाच्या दारातल्या माणसाला तेल लावणं वगैरे. अशी चाळीसेक पात्रं उरली आहेत, बहुतेक नॉरफोक-सफोकमध्येच. ब्लाइदबराच्या पात्राच्या बाजू तासून सपाट केल्या आहेत. तिथे हाताने स्पर्श न करता जवळून बघा, छिन्नीचे घाव मोजता येतात. जवळच वेस्टहॉल गावात त्याच प्रकारच्या पात्रावर मूळ रंगाचे तुकडे अजून आहेत, त्यावरून हे दगड एके काळी किती भडक होते त्याची कल्पना येते. पात्राच्या काठावर लोखंडी कडीची जागा दिसते का तेही बघा. १२३६ मध्ये आर्चबिशपने पात्रावर झाकण घालून कुलूप लावायला सांगितलं होतं, मंत्रतंत्रासाठी लोक पाणी चोरत म्हणून.

बाकांवर वेळ घालवा

ब्लाइदबराला मी पाहुण्यांना जास्तीत जास्त वेळ इथेच थांबवते. बाकांच्या टोकांना वरती लहान मूर्ती आहेत, हाताएवढ्या, पंधराव्या शतकातल्या. त्यांत सात महापापं आहेत. लोभ पैशाच्या पेटीवर बसला आहे. खादाडाने पोट दोन्ही हातांत धरलं आहे. आळस अंथरुणात उठून बसला आहे, पांघरूण छातीपर्यंत. चुगलखोराची जीभ बाहेर आहे. एक जण लाकडी खोड्यात अडकलेला, बहुतेक दारू पिऊन. बाकीच्या काही मूर्ती शेतीची कामं करतात. शतकानुशतकं लोकांनी उठता-बसता टेकलेले हात, त्यामुळे डोकी गुळगुळीत झाली आहेत. कोल्हापूरहून आलेली माझी आत्या आळसासमोर उभी राहून म्हणाली, "अगं, हा तर तुझा काका. चहा आणा म्हणतोय." काका तेव्हा बाहेर गाडीतच बसला होता.

डाउझिंगने या मूर्तींना हात का लावला नाही? माझा अंदाज असा, की त्याची लढाई पूजेशी होती. आळसाची पूजा कोण करतं?

पुढे चॅन्सलमधल्या बाकांवर दिर्क लोवर्सन नावाच्या मुलाने १६६५ साली आपलं नाव कोरून ठेवलं आहे. त्या काळी इथे शाळा भरे, फळ्यांवर दौतीची भोकंही आहेत. तिथेच एक लाकडी शिपाईही आहे, १६८२ चा, दोरी ओढली की घंटा वाजवणारा. साउथवोल्डचा शिपाई याच्याहून जुना आणि देखणा, चिलखत घातलेला, डोळे लाल. दोघांत भांडण लावायचं तर मी साउथवोल्डच्या बाजूची.

उरलेलं सामान, थोडक्यात

भिंतीवर किंवा कमानीवर राजचिन्हाची मोठी पाटी असेल. संतांच्या जागी राजा आला, तो असा. सिंह आणि एकशिंगी घोडा एकत्र दिसले तर पाटी १६०३ नंतरची, त्याआधीच्या ट्यूडर घराण्याच्या पाटीवर सिंहाच्या जोडीला ड्रॅगन किंवा शिकारी कुत्रा असतो. ढालीत पांढरा पळता घोडा असेल तर १७१४ ते १८३७. फ्रान्सची कमळं १८०१ मध्ये काढली. एवढं लक्षात ठेवलंत तर गावातले लोकही तुमच्याकडे वळून बघतील.

लोखंडी पट्ट्यांची जड पेटी कोपऱ्यात फुलदाणीखाली असते. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक गावाला बाप्तिस्मा-लग्न-दफनाची नोंदवही ठेवायला आणि ती पेटीत कुलूपबंद करायला लावली. पुढे तीन कुलपांचा नियम झाला, एक किल्ली पाद्रीकडे, दोन चर्चवॉर्डनांकडे. संयुक्त सहीच्या खात्याला आजही याहून चांगला नियम नाही. नोंदवह्या आता जिल्ह्याच्या दप्तरखान्यात असतात, पण छापील उतारे कधी टेबलावर मिळतात. त्यांत १६७८ नंतरच्या दफनांसमोर "लोकरीत" असा शेरा दिसला तर चमकू नका. लोकरीचा धंदा टिकावा म्हणून प्रेताला लोकरीच्याच कापडात पुरायचा कायदा होता, मोडला तर पाच पौंड दंड.

व्यासपीठावर वाळूचं घड्याळ ठेवायचा लोखंडी कंस, चॅन्सलच्या दक्षिण भिंतीत भांडी धुवायचा छोटा कोनाडा, खांबांवर कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं, हे सगळं दहा मिनिटांत होतं. ब्लाइदबराच्या उत्तर दारावर काळे जळके ओरखडे आहेत. ४ ऑगस्ट १५७७ ला, रविवारी प्रार्थना चालू असताना वादळात मनोऱ्याचं शिखर छत फोडून आत कोसळलं, एक माणूस आणि एक मुलगा मेला. गोष्ट सांगते की काळा सैतानी कुत्रा आत आला आणि जाताना दारावर पंजे उमटवून गेला. जुन्या दारांवर आणि तुळयांवर मेणबत्तीने मुद्दाम केलेले असे डाग इंग्लंडभर आहेत, वाईट शक्ती दूर ठेवायला. लहान मुलं बरोबर असतील तर मी कुत्र्याचीच गोष्ट सांगते.

आणि रंगीत काच. जिच्यापुढे सगळे फोटो काढतात ती बहुतेक वेळा व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली असते. चकचकीत नक्षीच्या फरश्या, एकसारखे पिवळसर बाक, तासून नवी केलेली भिंत, हेही त्याच काळातलं. मुंबईकरांना हा थाट ओळखीचा वाटेल, कारण कुलाब्याचं अफगाण चर्च, १८५८ चं, याच आवडीतून आलं. व्हिक्टोरियन लोकांनी चर्च वाचवली हे खरं, पण वाचवताना बरंच झिजवलंही. ब्लाइदबराची अवस्था १८८१ मध्ये इतकी वाईट झाली, की ते बंद करावं लागलं. पावसात लोक छत्री उघडून प्रार्थनेला बसत. मग दुरुस्ती किती आणि कशी करायची यावर गाव आणि कलाकार-लेखक विल्यम मॉरिसची १८७७ मध्ये निघालेली जुन्या वास्तूंची संस्था यांचं भांडण जुंपलं. पैशांची चणचण आणि हे भांडण, दोन्हींमुळे काम आवरतं झालं. म्हणूनच आज आत गेल्यावर उजेड भरलेली, फिकट, न रंगवलेली जागा मिळते. जवळपास नव्वद वर्षांनी तिचा एक वेगळाच उपयोग झाला. जून १९६९ मध्ये स्नेपचं संगीतगृह जळालं तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटनने ऑल्डबरा महोत्सवातला मोत्झार्टचा ऑपेरा याच चर्चमध्ये हलवला.

वेळ असेल तर वेनहॅस्टन

ब्लाइदबराहून गाडीने थोडंसंच अंतर. सेंट पीटर चर्च, बाहेरून साधं. आत भिंतीला लागून मोठ्या लाकडी फळ्या उभ्या आहेत, सुमारे सतरा फूट रुंद, त्यांवर शेवटच्या निवाड्याचं चित्र, १५०० च्या आसपासचं. हे चित्र पूर्वी माळ्याच्या वर, ख्रिस्ताच्या मूर्तीमागे असे. धर्मसुधारणेत त्याला चुना फासला. १८९२ मध्ये डागडुजी करताना त्या पांढऱ्या फळ्या अडगळ म्हणून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला आणि चुना धुऊन निघाला.

आता जवळ जाऊन बघा. डाव्या बाजूला संत पीटर चौघांना स्वर्गात घेतो आहे. चौघेही नागडे, पण डोक्यावरचं सोडायला कोणी तयार नाही: राजाचा मुकुट, राणीचा मुकुट, बिशपचं शिरस्त्राण, कार्डिनलची टोपी. मधे देवदूत मायकेल तराजूत आत्मे तोलतो आहे आणि सैतान बाजूला आपला कागद घेऊन उभा. उजवीकडे नरकाचं तोंड, माशासारखं, साखळीने ओढून आत घातलेली माणसं. आणि चित्राच्या मध्यावर तीन कोऱ्या आकृत्या. क्रूस आणि दोन उभी माणसं, नुसतं लाकूड, रंग नाही. चित्रकाराने रंगवलं तेव्हा मूर्ती आधीच जागेवर ठोकलेल्या होत्या, त्यांच्यामागे रंग कशाला वाया घालवायचा? मूर्ती गेल्या, त्यांची बाह्यरेषा राहिली. इंग्लंडभर जे हजारो माळ्यांवरून उतरवलं गेलं त्याचा आकार बघायचा तर इथे मिळतो.

खालच्या कडेला काळ्या जाड अक्षरांत बायबलमधला उतारा आहे, ट्यूडर काळात नंतर लिहिलेला, राज्यकर्त्यांची आज्ञा पाळा अशा अर्थाचा. म्हणजे वरच्या देवाला चुना आणि खाली सरकारी सूचना, एकाच फळीवर.

रेल्वेने येणाऱ्यांनी इप्सविचहून हेल्सवर्थला उतरावं. तिथून टॅक्सी आधी सांगून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही. परतीच्या वाटेवर दिवस उरला तर मेल्टन स्टेशनजवळच्या उफर्डला थांबा. तिथे बाप्तिस्म्याच्या पात्रावर अठरा फुटी लाकडी झाकण आहे, निमुळत्या मनोऱ्यासारखं कोरलेलं, खालचा भाग वरच्या भागावर सरकतो. टोकावर स्वतःची छाती टोचणारा पेलिकन. डाउझिंग उफर्डला दुसऱ्यांदा आला तेव्हा चर्चवॉर्डनांनी त्याला दोन तासांहून जास्त बाहेर ताटकळत ठेवलं, ही तक्रार त्याच्याच रोजनिशीत आहे. आत गेल्यावर त्याने झाकणाचं वर्णन लिहिलं, पोपच्या मुकुटासारखं, सोन्याने मढवलेलं, आणि ते तसंच सोडून निघून गेला. झाकण स्वतः सरकवून बघू नका, ते नाजूक आहे. आवारात कोणी भेटलं तर मात्र विचारा, दाखवणारे हौसेने दाखवतात. आणि दानपेटीत दोन-चार पौंड टाकाच, छताचं बिल अजूनही गावच भरतं.